घडी घातलेलं सर्क्युलर

अन्याय झाला तो पॅथॉलॉजी विभागाच्या अटेंडर मावशीवर. पोळ्याच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना. जागाही सांगतो: आमच्या मेडिकल कॉलेजचा पहिला मजला, रिपोर्ट टाइप करायची खोली, खिडकीजवळचं टेबल. टेबल माझं. मावशीनं माझ्यापुढं सर्क्युलरचं रजिस्टर धरलं, मी त्यावर नववी सही ठोकली आणि पुन्हा कीबोर्डकडं वळलो. तिनं विचारलं, "काय आलं हाय बाबू?"

मी तिच्याकडं न बघताच म्हणालो, "काही नाही मावशी, ट्रेनिंगचं आहे. तुमच्या कामाचं नाही."

ते तिच्याच कामाचं होतं. अख्ख्या विभागात फक्त तिच्याच कामाचं होतं.

यात मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, तो माणूसच तसा आहे. आणि बाकीचे अकरा जण घरी जाऊन निवांत जेवतात. बारा सह्या होत्या त्या पानावर. एकीलाही नाव द्यायचं नाही, म्हणजे एकही सुटायची नाही.

मी पत्रकं लिहून मोठा झालेला माणूस आहे. डिग्रीला असताना वसतिगृहाच्या पाण्यावर लिहिलं, नार्नूरकडं जाणाऱ्या बंद झालेल्या बसफेरीवर लिहिलं, मराठी शाळेला शिक्षक नाही म्हणून लिहिलं. आम्हाला शिकवणाऱ्यानं एकच नियम दिला होता: पहिल्या ओळीत अन्याय कुणावर झाला आणि केव्हा झाला ते सांग, शेवटच्या ओळीत मागणी कर, आणि मधे रडू नको. नंतर पोटासाठी या विभागात डेटा ऑपरेटर म्हणून लागलो, एजन्सीमार्फत. खिशात पेन आणि डोक्यात पत्रक तसंच राहिलं. मला वाटायचं, अन्याय दिसला की मला वास येतो. मंगळवारी तो माझ्या टेबलावर आला, माझ्या हाताखाली पसरला, आणि मला कसलाही वास आला नाही.

आता मावशी कोण, ते सांगतो. जैनथ मंडलातली, पैनगंगेच्या अलीकडच्या गावची. घरी थोडी शेती, त्यात वांगी, भेंडी, काकडी. नवरा ती आदिलाबादच्या बाजारात आणतो. ती रोज सकाळच्या बसनं येते आणि विभागाचं कुलूप उघडते. चौदा वर्षं झाली. कागदावर तिचं काम म्हणजे फरशी, बाटल्या, नमुने आणणं-नेणं, आणि सर्क्युलर फिरवणं. खरं काम वेगळंच आहे.

आमच्याकडं ऑपरेशनमधून काढलेला मांसाचा तुकडा येतो. तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, मशीनच्या पात्यावर त्याचे केसाहून बारीक काप काढतात, आणि काप एकाला एक चिकटून रिबिनीसारखे बाहेर येतात. ती रिबीन कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती पडू न देता काचेवर उचलायची, मग रंगवायची. ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून डॉक्टर सांगतात की गाठ साधी आहे की कॅन्सरची. टेक्निशियनच्या दोन जागा आहेत. एक कधीपासूनची रिकामी. त्या रिकाम्या जागेचं काम मावशी करते. पाण्यावरून काप उचलण्यात जिल्ह्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, असं खुद्द आमचा टेक्निशियन म्हणतो. तो चिडून म्हणतो, पण म्हणतो. एकदा मी तिला विचारलं की हे शिकलात कुठं, तर म्हणाली, "उन्हाळ्यात कुरडया घालून पाय, मंग समजते. ओली कुरडी उचलाले जमलं का हे बी जमते."

एका डॉक्टरला परिषदेत बक्षीस मिळालं ते मावशीनं कापलेल्या स्लाइडांवर. त्याचा फोटो आमच्या बोर्डावर आहे.

तो बोर्ड बघाच एकदा. जिन्याजवळ, काचेचा, कुलपाचा. वर सोनेरी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं आहे की हा स्टाफसाठी बातम्या आणि संधींचा बोर्ड आहे. आत काय? परिषदेचा फोटो. योगदिनाचा फोटो. कुणाच्या तरी निवृत्तीचा हार घातलेला फोटो. कुलपाची किल्ली एओ सारकडं, म्हणजे कॉलेजच्या प्रशासन अधिकाऱ्याकडं, आणि एओ सार खालच्या मजल्यावर. रोज बोर्डाची काच पुसते मावशी. बाहेरून.

खऱ्या संधी बोर्डावर येत नाहीत, त्या रजिस्टरात येतात. आणि रजिस्टराची आमच्याकडची रीत अशी: सर्क्युलर खालून आलं की त्याला वरच्या कडेनं डिंक लावून पानावर चिकटवायचं, मग मधून घडी घालायची, म्हणजे खाली सह्यांना जागा होते. आधी मॅडम सही करतात, म्हणजे आमच्या विभागप्रमुख. मग मोठे डॉक्टर, मग छोटे, मग टेक्निशियन, मग मी, मग पीजीची पोरं. रजिस्टरला गॉजच्या दोऱ्यानं एक पेन बांधलेलं असतं. मावशी दारात उभी राहते, रजिस्टर असं उघडते की समोर फक्त सह्यांची जागा यावी, पेन पुढं करते. डॉक्टर सही करतो आणि फोनवर बोलत राहतो. घडी उघडून वाचायला दोन बोटं लागतात. चौदा वर्षांत ती बोटं किती वेळा उठली असतील ते मला माहीत नाही. माझी उठली नाहीत; 'ट्रेनिंग' हा शब्द घडीच्या कडेतून दिसला, तेवढाच.

आणि जी रजिस्टर फिरवते तिची सही घेत नाहीत. का नाही? विचारा कुणालाही. हसतील. पोस्टमननं पत्रावर सही करायची असते का, म्हणतील.

त्या घडीखाली काय होतं, ते आम्हाला पुढच्या सोमवारी कळलं.

मधे पोळा होऊन गेला होता. मावशी गावाहून काकड्या घेऊन आली होती, प्रत्येकाच्या टेबलावर दोन-दोन ठेवल्या. दुपारी गेटजवळच्या चहावर गेली, तिथं खालच्या मजल्यावरच्या मायक्रोबायोलॉजीचा अटेंडर भेटला. तो तामसीकडचा, तिला वहिनी म्हणतो. पुढचं तिनंच मला सांगितलं.

तो म्हणाला, "वहिनी, तुमी कोन्तं सेंटर टाकलं? म्या त निजामाबाद टाकलं."

"कायचं सेंटर?"

"टेक्निशियनच्या ट्रेनिंगचं. फॉर्म भरला ना?"

"कायचा फॉर्म?"

"अवं, अटेंडरसाठी आल्तं ना! दहावी पास पाह्यजे, पाच वर्सं लॅबमंधी पाह्यजे, एक वर्स ट्रेनिंग, मंग डायरेक टेक्निशियन. आमच्या टेक्निशियननं मले तेलुगुतून समजावून सांगतलं. तुमच्या डिपार्टमेंटले नाई आलं का?"

मावशीनं चहा अर्धा सोडला. ती वर आली, कपाटातून रजिस्टर काढलं, माझ्या कीबोर्डवर आडवं ठेवलं आणि घडी उघडून म्हणाली, "वाच."

मी वाचलं. इंग्रजीत होतं, दीड पान. सेवेत असलेल्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना संधी. दहावी उत्तीर्ण. प्रयोगशाळेत पाच वर्षं. वय पंचेचाळीसच्या आत. प्रत्येक विभागानं पात्र कर्मचाऱ्याचा अर्ज पाठवावा. मुदत शनिवार, संध्याकाळी पाच. त्या शनिवारी पोळ्याची कर होती, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, आणि मावशी गावात होती.

"तू त म्हने माह्या कामाचं नाई."

मी मुदतीची ओळ पुन्हा वाचली.

"मी दहावी पास हावो," ती म्हणाली. "मराठी शाळेतून. चौदा वर्सं झाले अठी. कार्तिकात मले पंचेचाळीस पुरे होतेत." मग तिनं त्या पानावरच्या सह्या बोटानं एकेक करून मोजल्या, मोठ्यानं, आणि माझ्या सहीवर बोट ठेवून थांबली. "बारा जनायनं पायलं. एकालेबी असं नाई वाटलं का बा, हे कोनासाठी आलं असन?"

तिला बाटल्यांवरची इंग्रजी नावं वाचता येतात. हिमॅटॉक्सिलिन, म्हणजे काप रंगवायचा रंग, ती डॉक्टरांच्या आधी ओळखते. पण फिरवणाऱ्यानं घडी उघडायची नसते, ही शिस्त तिला पहिल्याच वर्षी एका डॉक्टरनं ओरडून शिकवली होती. तेव्हापासून तिनं स्वतःची संधी छातीशी धरून दारोदार फिरवली, आणि विचारलं ते एकालाच. मला. कारण मी आपल्या भाषेचा होतो.

आम्ही मॅडमकडं गेलो. मॅडम हैदराबादकडच्या, वाईट बाई नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि तेलुगुत म्हणाल्या, "अय्यो, आमे टेन्त पासा?" म्हणजे, अरेरे, ही दहावी पास आहे? चौदा वर्षं जिच्या हातच्या स्लाइडा बघून त्या कॅन्सर ओळखतात, ती शाळेत गेली होती की नाही हे त्यांना त्या सोमवारी कळलं. म्हणाल्या, आता काय करणार, विभागाचा अहवाल तर गेला.

अहवालात काय होतं? 'निल'. पात्र कर्मचारी: निल.

आता हे लिहितो, कारण नंतर यावर जे पत्रक काढलं त्यात मी हे लिहिलं नव्हतं. तो 'निल' मी टाइप केला होता. गुरुवारी मॅडमनी आतून आवाज दिला होता, "बाबू, एक निल रिपोर्ट निकालो, एओ ऑफिस को." आमच्याकडं दर आठवड्याला निल जातो. सुई टोचल्याचा निल, काच फुटल्याचा निल, तक्रारींचा निल. कॉम्प्युटरमध्ये एक फाइल आहे, वरचा विषय बदलायचा, तारीख बदलायची. मी विषय बदलला. म्हणजे विषय वाचला. 'चतुर्थ श्रेणी, ट्रेनिंग' हे शब्द मी स्वतःच्या बोटांनी टाइप केले आणि त्यांच्यापुढं निल लिहिलं, आणि पलीकडं मावशी पाण्यावरून काप उचलत होती. चार पावलांवर.

एओ सारनी त्या सोमवारी आम्हाला उभंच केलं नाही. मुदत संपली, निल आला, फाइल वर गेली.

मग मी काय केलं? मला जे येतं ते. पत्रक लिहिलं. एका बैठकीत, संतापानं. पुढची बाजू मराठीत, मागची बाजू मित्रानं तेलुगुत केली. मथळा असा दिला: 'निरक्षर मावशीच्या हातूनच तिची संधी फिरवली! मेडिकल कॉलेज प्रशासनाचा धिक्कार असो!' प्रशासन म्हणालो, विभाग म्हणालो, डॉक्टर म्हणालो. टाइप कुणी केलं ते गाळलं. आणि निरक्षर? तो शब्द चांगला बसत होता. दहावी पास मावशी म्हटलं तर लोक विचारणार, मग तिनं वाचलं काऊन नाही? त्याला उत्तर द्यायला अजून चार ओळी लागल्या असत्या. निरक्षर म्हटलं की एका शब्दात डोळे भरतात. आम्हाला तेच शिकवलं होतं. शब्द असा टाक की वाचणारा पुढं सरकू नये.

पत्रकं कॉलेजच्या गेटवर वाटली, बसस्टँडवर वाटली. दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या टेबलाशी आली तेव्हा तिच्या हातात रजिस्टर नव्हतं, माझं पत्रक होतं.

"बिचारी कोन हाय रे?"

"काय झालं मावशी?"

"जैनथच्या बसमंधी एक बाई तुहा कागद मोठ्यानं वाचून राह्यली होती. सारी बस चुकचुक करे. बिचारी, म्हने, अडानी बाई, तिले का समजते. मी तिच्या बाजूलेच दांडा धरून उभी. माह्या गावचे दोघं-तिघं बसमंधी. थे माह्याकडं पाह्यत, मी खिडकीकडं पाहो." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुले कोनं सांगतलं मी निरक्षर हावो म्हून?"

"मावशी, ते लोकांना कळावं म्हणून—"

"मले दहावीत गनितात किती मार्क होते, इचारलं का कधी? डॉक्टर लोक मले आयम्मा म्हंतेत, म्हनू दे, थे परके हायेत. तू त मावशी म्हंतं ना? मंग मावशीले इचारून त लिवाचं होतं."

तिनं पत्रकाची घडी केली, सर्क्युलरची करतात तशीच, आणि माझ्या टेबलावर ठेवली. "उद्या येजो एओ सारकडं. मी सर्टिफिकेट आनतो. तू फकस्त उभा राह्यजो. बोलू नको."

दुसऱ्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत लॅमिनेट केलेलं दहावीचं प्रमाणपत्र, त्याच्या मागं साध्या वहीच्या कागदावर अर्ज. अर्ज तिनं स्वतः लिहिला होता, मराठीत, घोटीव अक्षरात. विनंती अर्जदार अमुक, कारणे तमुक, सारं नीट. आम्ही खालच्या मजल्यावर गेलो. एओ सारनी या वेळी बसवलं. टेबलावर फाइल होती. फाइलच्या वर, टाचणीनं लावलेलं, माझं पत्रक.

"देखो अम्मा," ते दखनीत म्हणाले, "मैं तो मदद करनेकू तयार हूं. लेकिन इनोच लिखे ना परचे में, अनपढ़. क्वालिफिकेशन क्या है? टेन्थ पास. अब ये परचा मेरे फाइल में लग गया. ऊपर से कोई पूछे तो मैं क्या बोलूं? तुमारेच आदमी बोले, अनपढ़ है."

मी तोंड उघडलं. मावशीनं हात आडवा केला.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "और वो निल किसने टाइप किया था बाबू? मैडम तो नहीं करते टाइप."

मावशीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. त्या खोलीत पंखा फिरत होता, कुणीतरी बाहेर झेरॉक्स काढत होतं, आणि मला बसल्या जागी असं वाटलं की माझी सगळी पत्रकं कुणीतरी माझ्याच तोंडावर वाचून दाखवतंय. तिनं एवढंच विचारलं, "तू?" मी मान हलवली. ती पुन्हा एओ सारकडं वळली. माझ्याशी भांडायला तिला त्या वेळी वेळ नव्हता.

तिनं प्रमाणपत्र पुढं सरकवलं. सारनी ते उलटसुलट केलं. "ये तो मराठी मीडियम लिखा है."

"हव," मावशी म्हणाली. "स्लाइड कौनसे मीडियम में कटती सार?"

बाजूच्या टेबलावरचा क्लार्क हसला आणि लगेच खोकला. एओ सारही थोडं हसले. चांगला माणूस असल्यासारखं हसले. मग त्यांनी मराठी अर्जावर आवकचा शिक्का मारला, तिला पोच दिली आणि म्हणाले, "मैं ऊपर भेज देता. देखते. नहीं तो अगले साल है ना अम्मा."

"अगले साल मैं पैंतालीस के ऊपर जाती सार."

"हां, वो तो है," ते म्हणाले. "देखते."

जिना चढताना मी माफी मागायला सुरुवात केली. ती म्हणाली, "थांब. आधी लिस्ट येऊ दे. लिस्टीत नाव आलं त तुले शिव्या देतो. नाई आलं त बोलतच नाई."

लिस्ट दिवाळीच्या आधी आली. ती मात्र काचेच्या बोर्डावर लागली, किल्ली सापडली बरोबर. मायक्रोबायोलॉजीच्या अटेंडरचं नाव होतं. आमच्या विभागापुढं आडवी रेघ होती. मी खाली जाऊन विचारलं की आमच्या वाट्याची जागा कुणाला गेली. क्लार्क म्हणाला, कुणालाच नाही. पात्र उमेदवार नाही म्हणून रद्द. मावशीच्या जागेवर दुसरं कुणी गेलं असतं, तर निदान रागाला एक चेहरा मिळाला असता. एक बाई तयार होती, एक जागा तयार होती, आणि दोघींच्या मधे एक घडी, एक निल आणि एक माझा शब्द होता. जागा कचऱ्यात गेली. टेक्निशियनचं रिकामं स्टूल रिकामंच राहिलं, आणि त्याचं काम मावशीच करते आहे. आजही. तुम्ही हे वाचताय तेव्हाही एखाद्या बाईच्या छातीतल्या गाठीचा काप ती पाण्यावरून उचलत असेल, आणि ते काम कागदावर कुणीच करत नसेल.

शिव्या तिनं दिल्या नाहीत. ती बोललीच नाही, पंधरा-वीस दिवस. माझ्या टेबलावर काकड्या यायच्या बंद झाल्या, बाकीच्यांच्या चालू होत्या. तेव्हा मी तिच्याबद्दल दुसरं पत्रक लिहिलं नाही. मॅडमना निलबद्दल खुलासा लिहून दिला, त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला. तो तिथंच आहे.

मग कार्तिक उलटल्यावर एका सकाळी नवं सर्क्युलर आलं. मी पाहत होतो. मावशीनं डिंक लावला, पान चिकटवलं, आणि घडी घातलीच नाही. कात्रीनं गॉजचा दोरा कापला आणि पेन आपल्या एप्रनच्या खिशात टाकलं. मग रजिस्टर घेऊन सरळ मॅडमच्या खोलीत गेली. तिथं विभागाची मीटिंग चालू होती, सगळे डॉक्टर बसलेले. मी दारात उभा राहिलो.

तिनं रजिस्टर टेबलावर ठेवलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मैडम, पढ़के सुनाओ. क्या आया है वो."

मॅडमना समजलं नाही. तो बक्षीसवाला डॉक्टर म्हणाला, "आयम्मा, मीटिंग चालू है. लाओ, साइन करता. पेन है मेरे पास."

"पेन है तो अच्छा है सार," मावशी म्हणाली. "रजिस्टर मेरे पास है. पहले पढ़के सुनाओ."

कुणी हसलं, कुणी घड्याळ पाहिलं. तिनं हात उचलला नाही. शेवटी मॅडमनी चष्मा लावला आणि मोडक्या हिंदीत वाचून दाखवलं. दुचाकी कुठं लावायच्या त्याचं सर्क्युलर होतं. मागच्या शेडमध्ये लावा, झाडाखाली लावू नका. अख्खी खोली हसली. मावशी हसली नाही. तिनं खिशातून पेन काढलं, मॅडमच्याही आधी सगळ्यात वर आपली सही केली, मराठीत, पूर्ण नाव, आणि मग पेन पुढं केलं. तिच्याकडं दुचाकी नाही. ती बसनं येते.

तेव्हापासून आमच्या विभागात सर्क्युलर असंच फिरतं. तो डॉक्टर कुरकुर करतो, पण वाचतो. माझ्या टेबलाशी ती शेवटी येते, म्हणते, "वाच," आणि मी अक्षर न् अक्षर वाचतो, आमच्या बोलीत. परवा दोन काकड्या ठेवून गेली. पण वय तिचं उलटून गेलं ते गेलंच. त्या काकड्यांनी माझी सही पुसली जात नाही.

म्हणून आता तुम्हाला सांगतो, आणि विनंती करत नाही. तुम्हीही कुठंतरी सही करता: शाळेत, बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात, कारखान्यात. तुमच्यासमोरही कुणीतरी कागद धरून उभं राहतं आणि पेन पुढं करतं. उद्या सही करू नका. आधी घडी उघडा, कागद धरणाऱ्याला तो मोठ्यानं, त्याच्या भाषेत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा. त्याचं शिक्षण काय, वय काय, काम काय, ते त्यालाच विचारा. आणि सगळ्यात वरची सही त्याला करू द्या.

उद्याच. मुदतीच्या आत.